लदेणीपासून ऊसतोडीपर्यंत: बीडच्या तांड्यांतला गोर बंजारा वारसा

बीड जिल्ह्यात तांडा म्हटले की बहुतेकांना ऊसतोड आणि तिच्यासाठी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल एवढेच आठवते. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी या तालुक्यांत माळरानावर आणि बालाघाटच्या उतारांवर, मूळ गावापासून थोडे अंतर राखून वसलेले हे तांडे दसरा-दिवाळीला रिकामे होऊ लागतात आणि चैत्र-वैशाखात पुन्हा भरतात. त्याच तांड्यांत एक स्वतंत्र भाषा बोलली जाते, स्वतःची न्यायपद्धत आहे, स्वतःचे सणवार आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले गाण्यांचे मोठे भांडार आहे. शेजारच्या गावाला मात्र याची फारशी दखल नसते.

स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणवणारा आणि बाकीचे जग ज्याला बंजारा, लमाण, लंबाडा अशा नावांनी ओळखते, असा हा समाज. तो कुठून आला, त्याने बरोबर काय आणले आणि त्यातले काय टिकते आहे, याचा आढावा इथे घ्यायचा आहे. भटकंतीमुळे ही संस्कृती विस्कळीत झाली, असे सर्रास सांगितले जाते. इतिहास पाहिला तर नेमके उलटे दिसते. वाटेवरच्या शेकडो वर्षांत ही संस्कृती घडली आणि टिकली. तिची वीण आता उसवते आहे, कारण आजच्या स्थलांतरात तांडा एकसंध निघत नाही.

बैलांच्या पाठीवरचा व्यापार

बंजाऱ्यांचे मूळ राजस्थानात, असे समाजाची स्मृती सांगते आणि भाषेचा पुरावाही त्याच दिशेने जातो. त्यांची बोली राजस्थानी गटातली आहे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळेही त्याच मुलखाकडे बोट दाखवतात. दख्खनेत ते नेमके केव्हा उतरले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मोगल फौजांच्या दक्षिण मोहिमांबरोबर त्यांची ये-जा फार वाढली, हे सर्वमान्य आहे. त्याआधी अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीला धान्य पुरवणाऱ्या ‘कारवानी’ लोकांचा उल्लेख इतिहासकार बरनी करतो. तेच बंजाऱ्यांचे पूर्वसुरी असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

सतराव्या शतकापासून चित्र स्पष्ट होते. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर भारतात धान्य लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा तांडा भेटला. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेनेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. धान्य, मीठ, डाळी असा जड आणि स्वस्त माल दूरवर नेणे त्या काळी दुसऱ्या कोणाला परवडत नसे. बंजाऱ्यांना परवडे, कारण त्यांचे बैल चरत चरत पुढे सरकत. दिवसाला दोन-तीन कोसांपलीकडे चाल नसे, पण वैरणीला पैसाही पडत नसे. ही संथ चाल हाच त्यांच्या धंद्याचा हिशेब होता. याला ते ‘लदेणी’ म्हणत.

लदेणीवर निघताना बायका, मुले, म्हातारी माणसे, गाई-बैल, कुत्री, देव, नायक, भाट, सगळे बरोबर असत. रात्री मुक्काम पडला की गोणींची थप्पी रचून तळ बांधला जाई. लग्न, बारसे, न्यायनिवाडा, मरण सगळे तिथेच होई. घर आणि रस्ता वेगळे नव्हतेच.

लढाईच्या धामधुमीत दोन्ही बाजू तांड्यांना सहसा हात लावत नसत, कारण धान्य दोघांनाही हवे असे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती. त्या युद्धातली असईची लढाई बीडच्या शेजारच्या आजच्या जालना जिल्ह्यात झाली. या व्यापाराने मोठी माणसेही घडवली. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे पार्थिव उचलून आणून, स्वतःच्या घराला आग लावून ज्याने अग्निसंस्कार केले, असे शीख परंपरा सांगते, तो लखी शाह बंजारा व्यापारीच होता. दिल्लीचा रकाबगंज गुरुद्वारा त्या जागी उभा आहे.

वाट बंद झाली

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या अर्धशतकात लदेणीचा पाया खचला. मिठावर सरकारी मक्ता आला, पक्के रस्ते झाले. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातल्या उरल्यासुरल्या बैलवाहतुकीचाही अंत जवळ आला. धंदा बुडाला, पण फिरणे एकदम थांबत नाही. धंद्याविना फिरणारा माणूस नव्या राजवटीला संशयित वाटू लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यात ठिकठिकाणचे बंजारेही सापडले. ज्यांच्या भरवशावर फौजा लढल्या, त्यांना पोलिसांत हजेरी द्यावी लागली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात.

याच काळात तांडे स्थिरावले. चांगली काळी जमीन आधीच गावांकडे होती, तेव्हा वाट्याला आले ते माळ, डोंगरउतार आणि जंगलाच्या कडा. बीडमधले तांडे गावठाणाबाहेर आणि खडकाळ जमिनीवर का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. पाणी कमी आणि जमीन हलकी, अशा शेतीवर घर चालत नाही. १९७२ च्या दुष्काळाने तर कंबरडेच मोडले. पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने हात मागत होते आणि बीडकडे रिकामे हात होते. ऊसतोडीची वाट अशी रुळली.

राजकीय नकाशानेही समाजाचे तुकडे केले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्रात गेला, उरलेला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आज तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकातला लंबाणी अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त जाती (अ) या ३ टक्क्यांच्या प्रवर्गात. बोली एक, कुळे एक, देव एक, सोयरीकही होते, पण सरकारी कागद तीन.

तांड्याची घडी

तांड्याचा प्रमुख नायक, त्याच्या जोडीला कारभारी आणि जाणती माणसे. तंटा झाला की नायकाच्या दारापुढे पंचायत बसते, तिला ‘नसाब’ म्हणतात. कोर्टकचेऱ्यांच्या आधीपासून ही व्यवस्था वाटेवरच्या हजारो माणसांना एकत्र ठेवत आली. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिथे बाईचा आवाज फार क्षीण राहिला आणि दंडाचा भार गरिबावरच जास्त पडला. ही व्यवस्था जशीच्या तशी जपा, असे मी म्हणणार नाही. पण निर्णय सगळ्यांसमोर बसून करायचा, ही तिच्यातली सवय मोलाची आहे.

श्रद्धेच्या केंद्रस्थानी संत सेवालाल महाराज आणि जगदंबा. परंपरेनुसार सेवालालांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा, आजच्या आंध्रातल्या अनंतपूर भागातला. समाधी वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला आहे आणि रामनवमीला तिथे बंजाऱ्यांची मोठी यात्रा भरते. तांड्यात निखाऱ्यांवर तूप-गोडाचा ‘भोग’ चढवतात आणि ‘अरदास’ म्हणतात. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले, ही समाधानाची गोष्ट. पण संग्रहालय वस्तू जपते, त्यांचा वापर जपणे तांड्यालाच जमते.

वापरातल्या वारशाचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे श्रावणातली तीज. कुमारिका आधी नायकाची परवानगी घेतात. वारुळाची माती आणून तिच्यात लेंडीखत मिसळतात, लहान टोपल्यांत ती भरतात आणि गहू पेरतात. टोपल्या एका ठिकाणी मांडवाखाली ठेवतात आणि रोज वेळ साधून विहिरीचे पाणी घालायला मुली गात गात जातात. राखी पौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत कोंब बोटभर वाढतात. शेवटच्या दिवशी ते खुडून वडीलधाऱ्यांना देतात, पुरुष पागोट्यात खोवतात आणि उरलेल्याचे विसर्जन होते. हे नऊ-दहा दिवस मुलींचे असतात. मोठ्या मुलीकडून धाकटीकडे चाल, शब्द, नाच आणि रीत जाते. कोणतीही शाळा इतक्या सहज हे देऊ शकत नाही.

दुसरा नमुना पोशाखाचा. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, काचळी म्हणजे चोळी, डोक्यावर छांटिया. त्यावर आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि रंगीत दोऱ्यांचे भरगच्च टाके. केसांना लटकणाऱ्या घुगरी-टोपल्या आणि दंडावरचा चुडा हे सौभाग्याचे चिन्ह. हे हस्तिदंती चुडे पुढे प्लास्टिकचे झाले. अख्खा फेटिया भरायला अनेक महिन्यांच्या दुपारी लागतात. शेजारच्या कर्नाटकात संदूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यावर बायकांची सहकारी कामे उभी राहिली. मराठवाड्यात हीच कला आज मुख्यतः आज्यांच्या अंगावर उरली आहे. तरुणींनी साडी स्वीकारली, तो त्यांचा हक्कच आहे. पण हातातली कला पोशाखाबरोबर जावीच असे नाही. तिला बाजार मिळाला तर ती दुसऱ्या कापडावर जगेल.

बोली: मोजली जाते, पण कोणाच्या खात्यात?

गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. ग्रिअर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १९०७ मध्ये तिची दखल घेतली. १९७० मध्ये ट्रेल या अभ्यासकाने लमाणीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मराठीत १९३६ मध्ये बळीराम पाटील यांनी समाजाचा इतिहास लिहिला आणि आत्माराम कनीराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन १९८९ मध्ये आले. मोतीराज राठोडांसारख्या अभ्यासकांनी विमुक्तांच्या चळवळीला वैचारिक बळ दिले.

२०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३२.७६ लाख आणि बंजारी सांगणारे सुमारे १५.८ लाख होते. म्हणजे ४८ लाखांहून अधिक माणसे. ही सगळी संख्या ‘हिंदी’ या शीर्षकाखाली जमा झाली. आठव्या अनुसूचीतल्या काही भाषांच्या भाषकांची संख्या याहून कमी आहे. बोली आहे, बोलणारे आहेत, पण तिचे खाते नाही.

लिहायची तर कोणत्या भागातली बोली प्रमाण धरायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. हाच पेच नायजेरियातल्या इग्बो लोकांपुढे आला होता. राजाविना, गावसभेच्या बळावर चालणारा हा समाज आपल्या नायक-नसाबच्या व्यवस्थेची आठवण करून देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी बायबलसाठी अनेक बोलींची सरमिसळ करून ‘युनियन इग्बो’ बनवली. १९५८ मध्ये ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी इंग्रजीत लिहून जगाला इग्बो जीवन दाखवणारे चिनुआ अचेबे या कृत्रिम प्रमाणभाषेचे कडवे विरोधक राहिले. गावागावांतल्या बोलीचा रस तिने मारला, असे त्यांचे म्हणणे होते. गोरबोलीसाठी यातून सरळ धडा निघतो. आधी प्रत्येक भागातली गाणी, म्हणी, कथा जशाच्या तशा ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रमाणीकरणाची घाई नको.

हंगाम आणि सण

आता मुख्य मुद्दा. गोर बंजाऱ्यांच्या वर्षात तीन मोठे मुक्काम आहेत: तीज, दिवाळी आणि होळी. तीज श्रावणात येते, तेव्हा माणसे तांड्यात असतात. म्हणून ती टिकली, किंबहुना अलीकडे जोमाने साजरी होते. दिवाळीला मुली दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात आणि सगळ्यांच्या भल्याची मागणी करतात. पण त्याच सुमाराला मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर दारात लागतात. होळी हा तर समाजाचा सर्वांत मोठा सण. आधीपासून लेंगी म्हणजे होळीची गाणी रंगतात, गेरिया म्हणजे होळी खेळणारे तरुण नाचतात आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलाची ‘धुंड’ होते, म्हणजे त्याला रीतसर तांड्यात घेतले जाते. त्या वेळी गाळप हंगाम संपलेला नसतो. कितीतरी टोळ्या होळीला फडातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतच असतात. एक तांडा पाच कारखान्यांवर विखुरलेला असेल, तर धुंड करायला माणसे कुठून आणायची?

जुन्या लदेणीत आणि ऊसतोडीत हाच फरक आहे. लदेणीत अख्खा तांडा नायकाच्या शब्दावर निघे, ऊसतोडीत जोडपे मुकादमाच्या उचलीवर निघते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एवढाच हिशेब. म्हातारी माणसे तांड्यात राहतात, मुले कधी आजीजवळ, कधी फडात. गाणी माहीत असलेली पिढी आणि गाणी घ्यायची ती पिढी, यांच्यामध्ये दरवर्षी पाच-सहा महिन्यांची दरी पडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती रास्तच होती. पण दर वाढल्याने ही दरी बुजत नाही.

या स्थलांतराची सर्वांत जड किंमत बायका मोजतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यात बंजारा बायका आहेत, तशा वंजारी, मराठा, दलित, धनगर बायकाही आहेत, कारण ऊसतोड कोणा एका जातीची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. फडावर जाताना तरुण मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, या भीतीचा त्यात मोठा वाटा आहे. तीजेची टोपली जिने सांभाळायची, ती मुलगी त्या वयात संसार आणि कोयता सांभाळते. संस्कृतीच्या गप्पा मारताना हे आकडे बाजूला ठेवता येत नाहीत.

दाखल्याचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठा आरक्षणाचा शासन निर्णय निघाला आणि त्याच आधारावर अनुसूचित जमातीत समावेश करा, अशी मागणी घेऊन बंजारा समाजाचे मोर्चे मराठवाडाभर निघाले. बीडमध्येही मोठा मोर्चा झाला. आदिवासी संघटनांचा याला ठाम विरोध आहे. आपल्या मर्यादित जागांत नवा वाटेकरी नको, ही त्यांची भीती खोटी नाही. १९५६ च्या सीमारेषेने एकाच समाजाला तीन न्याय लावले, ही बंजाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि नंतर इदाते आयोगाने भटक्या-विमुक्तांसाठी स्वतंत्र उपाय सुचवले होते. ते नीट अमलात आले असते तर हा झगडा इतका तीव्र झाला नसता.

बीडमध्ये आणखी एक गोंधळ नेहमी होतो. वंजारी आणि बंजारा हे एकच, असे अनेक जण समजतात. बैलांवरच्या वाहतुकीची आठवण दोन्ही समाजांत आहे, पण वंजारी मराठी बोलतात, त्यांचे श्रद्धास्थान भगवानगड आहे आणि त्यांचा प्रवर्गही वेगळा, भटक्या जमाती (ड). दोघांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला पाहिजे. त्यातच दोघांचा मान आहे.

समाजाने सत्ताही पाहिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस १ जुलै महाराष्ट्र कृषी दिन म्हणून पाळतो. सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. तरीही बीडच्या तांड्यातला कोयता खाली ठेवला गेला नाही. नेतृत्व मिळणे आणि तांड्याला बारमाही काम मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्याने नोकरीतली जागा मिळेल, बोली आणि होळी मात्र दाखल्याने परत येणार नाही.

काय करता येईल

पहिले काम हंगामी वसतिगृहांत आणि विमुक्त जातींच्या आश्रमशाळांत. आई-बाप फडावर असताना मुले तांड्यात आजीजवळ राहतात, ही अडचण आहे तशीच संधीही आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषेचा आग्रह धरलाच आहे. आठवड्यातून एक दुपार आजीला वर्गात बसवा, तिची लेंगी, तिची लग्नातली ढावलो गीते, तिच्या कथा मुलांच्या हातून मोबाईलवर नोंदवून घ्या. पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते. दुसरे, संदूरच्या धर्तीवर बीडमधल्या बायकांच्या भरतकामाला बचत गटांमार्फत बाजार मिळवून द्या. हिवाळ्यात घरी बसून मिळकत झाली तर काही कोयते तरी कमी होतील. तिसरे, होळीच्या आठवड्यात टोळ्यांना सुट्टी आणि गावी येण्या-जाण्याची सोय हे कलम मजुरीच्या पुढच्या करारात घाला. कारखाने, मुकादम आणि संघटना एकत्र बसतातच, तेव्हा दराबरोबर याचीही चर्चा होऊ शकते.

शेवटी एक अगदी निकडीची गोष्ट. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून, फेब्रुवारीत माणसे मोजणार आहे. त्या महिन्यात बीडचा निम्मा तांडा उसाच्या फडात असेल. २०११ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती. म्हणून जिल्हा प्रशासनाने आणि कारखान्यांनी प्रत्येक कोपीपर्यंत प्रगणक पोहोचतील याची व्यवस्था आताच करावी. आणि तांड्यातल्या प्रत्येक माणसाला माझी विनंती आहे: प्रगणक दारात किंवा कोपीपुढे आला आणि त्याने मातृभाषा विचारली, तर मराठी किंवा हिंदी सांगू नका. घरात जी बोलता, तीच भाषा लिहायला लावा आणि त्याने काय लिहिले ते वाचून घ्या.